युद्धाचा अधिकार दिल्लीत कसा आला

१ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानी रणगाडे जम्मूतील छांबमध्ये घुसले होते. दुपारी लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यांनी संरक्षणमंत्र्यांकडे विमाने वापरण्याची परवानगी मागितली, आणि ती काही मिनिटांत मिळाली. हे संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, १९६३ साली नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेलेले. लंडनला विचारायचा प्रश्नच नव्हता. पण हा अधिकार आपल्या हाती येऊन तेव्हा जेमतेम १८ वर्षे झाली होती.

त्याआधी काय होते, ते ३ सप्टेंबर १९३९ ला दिसले. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि व्हाइसरॉय लिनलिथगोंनी त्याच दिवशी हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर केले. लोकांनी निवडून दिलेल्या एकाही माणसाला त्यांनी विचारले नाही. १९३५ च्या कायद्याने संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ही खाती गव्हर्नर जनरलच्या मुठीत ठेवली होती, म्हणून ते कायद्याला धरूनच होते. १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने डोमिनियनांच्या, म्हणजे स्वशासित वसाहतींच्या, संसदा स्वायत्त झाल्या, पण त्यांत हिंदुस्थान नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने मतदान करून ६ सप्टेंबरला युद्धात उडी घेतली, कॅनडाने १० सप्टेंबरला. आपल्याकडे काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी राजीनामे दिले, मुंबईत बाळासाहेब खेरांनीही. नाशिकजवळची देवळालीची छावणी मात्र फौजांनी गजबजली. शेजारच्या नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदीकाठी लढले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्यांचे शौर्य निर्विवाद आहे. ते युद्ध करायचे की नाही, हे मात्र त्यांच्या देशाने ठरवले नव्हते.

१५ ऑगस्ट १९४७ ला भारत डोमिनियन झाला आणि हा अधिकार भारतीय मंत्रिमंडळाकडे आला. लगेच कसोटीही लागली. २७ ऑक्टोबरला काश्मीरच्या लढाईसाठी भारतीय फौज विमानांनी श्रीनगरला उतरली. भारत आणि पाकिस्तान, दोन्ही देशांचे सेनापती इंग्रज, आणि दोन्ही देशांचा राजा एकच, सहावा जॉर्ज! अशा स्थितीत एका डोमिनियनने दुसऱ्याविरुद्ध युद्ध पुकारणे कायद्याच्या दृष्टीने विचित्रच ठरले असते. लढाई झाली, औपचारिक घोषणा कधीच झाली नाही.

२६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि राजाही गेला. घटनेच्या संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीत, १५ व्या क्रमांकावर ‘युद्ध व शांतता’ आले. अनुच्छेद ५३ ने सैन्याचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले, पण त्याचा वापर कायद्याने नियंत्रित राहील असे बजावून. राष्ट्रपती चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने.

मात्र युद्ध कोणी, कसे जाहीर करावे, याचे वेगळे कलम घटनेत नाही. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनंतर आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो आणि महिन्याभरात दोन्ही सभागृहांची मंजुरीही. युद्धासाठी अशी अट नाही. १९३९ मध्ये आपला आक्षेपच हा होता की लोकप्रतिनिधींना विचारले नाही. शत्रूने हल्ला केला तर सरकारने क्षणभरही थांबू नये. पण नंतर ठरावीक मुदतीत संसदेची संमती घेण्याचा कायदा व्हायलाच हवा.