आसऱ्याचा इतिहास आणि मूठभर दान

गाडगेबाबांचा संदेश ‘दशसूत्री’ या नावाने आपल्या परिचयाचा आहे. भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यांना वस्त्र, गरिबांच्या मुलांना शिक्षण आणि त्यांच्या पाठोपाठ बेघरांना आसरा, असा त्याचा क्रम आहे. विद्यार्थ्यांना तो पाठ असतो. आम्ही शिक्षकही ‘आसरा’ या शब्दापाशी फारसे न थांबता पुढे जातो. वास्तविक अडचण इथेच आहे. भाकरी एका हाताने देता येते, जुने लुगडे एका घरातून निघते. छप्पर मात्र कुणा एकाच्या मुठीत मावत नाही. मग मूठभर दानातून आसरा उभा राहतो तो कसा?

आपल्या प्रदेशात आसऱ्याच्या दानाचा लेखी पुरावा फार जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे आपण वाटसरूंसाठी निवारे बांधले, नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या, असे त्यात नोंदवले आहे. त्यानंतर अनेक शतकांनी, १७६७ ते १७९५ या काळात, अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थक्षेत्री घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांची व्यवस्था लावली. या कामांचे मोल मोठे आहे. पण शिलालेख आणि दप्तरे दात्याचे नाव जपतात. त्या निवाऱ्यात रोज झाडलोट कुणी केली, रांजण कुणी भरले, हे सांगत नाहीत. दाराशी आलेल्यांपैकी कुणाला आत घेतले आणि कुणाला परतवले, याबद्दलही ती बहुधा मुकी असतात.

हा शेवटचा प्रश्न पंढरपुरात टाळता येत नाही. आषाढी-कार्तिकीला मठांत, वाड्यांत, ओळखीच्या ओसरीवर वारकऱ्यांची सोय होई. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला मात्र ती दारे बंद होती. गाठीला चार पैसे असले तरी त्याने वाळवंटात, उघड्यावर रात्र काढायची. गावी त्याचे घर होते. ज्याच्या नामासाठी तो चालत आला त्याच्या नगरीत तो बेघर होता. बेघरपण हे नेहमी दारिद्र्यातूनच येते असे नाही, इतरांच्या बंद दारांतूनही ते येते, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे. १९२०च्या सुमारास गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली ती या वारकऱ्यांसाठी. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले झाले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे देवाचे दार उघडण्यापूर्वी पाव शतकाहून अधिक काळ एक माणसाचे दार उघडे होते. पुढे १९४९ साली बाबांनी ही वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

बाबांच्या कामाला पैसा कुठून आला? धनिकांनी मोठ्या रकमा दिल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कीर्तनाला बसलेला समाज शेतकरी-मजुरांचा होता. कर्ज काढून सण आणि तिथी करू नका, नवसाला बकरे कापू नका, तो पैसा माणसाच्या उपयोगी लावा, असे बाबा वऱ्हाडी बोलीत, श्रोत्यांनाच प्रश्न विचारत सांगत. दान म्हणजे शिलकीतून टाकलेला तुकडा नव्हे, खर्चाची दिशा बदलणे होय, हा त्या कीर्तनाचा अर्थ आम्हांला महत्त्वाचा वाटतो. दुसरे असे की बाबा स्वतः घेणारे होते. गावात शिरले की आधी खराट्याने रस्ते झाडायचे, मग भाकरी मागायची. हातात फुटके गाडगे, अंगावर चिंध्या, पण घेताना मान खाली नाही. पाया पडून घेणे त्यांना मान्य नव्हते. घेणाऱ्याची मान राखण्याचा हा धडा एका घेणाऱ्याने घालून दिला आहे.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांचे लक्ष मुंबईकडे वळले. जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून रोगी येत; त्यांचे नातेवाईक बाहेर पदपथावर झोपत. आजारपणाने काही आठवड्यांपुरती घरे हिरावलेली ही माणसे. त्यांच्यासाठी १९५४ साली तेथे धर्मशाळा झाली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परगावचे कर्करोगी आणि त्यांचे सोबती उतरतात, ती याच विचाराची पुढची पायरी. अशा ठिकाणी एक धुतलेली चादर, एका वेळच्या जेवणाचा खर्च, इस्पितळाचा रस्ता दाखवणारा सोबती, या गोष्टी लहान राहत नाहीत. छप्पर आधीपासून असल्यामुळे त्यांना टेकायला जागा मिळते.

यावर एक आक्षेप आम्ही आमच्यातही ऐकला आहे : दानाने देणाऱ्याचे मन हलके होते, घेणाऱ्याची स्थिती बदलत नाही. आक्षेप खोटा नाही. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख आणि महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. हा भार चादरींनी पेलणारा नाही. ती शासनाची जबाबदारी आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने शहरांतील दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा निवारा असावा, असे प्रमाण घालून दिले होते. पण निवारा कागदावर मंजूर होणे आणि तो आपल्या गल्लीत होऊ देणे, या दोन गोष्टींत अंतर आहे. ते अंतर शेजाऱ्यांच्या मनात असते. पदपथावरच्या माणसाला नाव विचारणे, पाणी देणे, त्याच्याशी बसून बोलणे, यांनी ते थोडे कमी होते. लहान दानाचे ऐतिहासिक कार्य एवढेच, आणि ते कमी नाही : ज्याला आपण परका समजत होतो तो त्यातून ओळखीचा होतो.

चोखोबांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराशी, पायरीलगत आहे. त्यांचे अभंग शिकवताना आम्ही ती नेहमी सांगतो. बाहेर राहिलेल्या भक्ताची ती खूण आहे. यापुढे त्याच तासाला धर्मशाळेचेही सांगावे, असे आम्हांला वाटते. ज्याला आयुष्यभर बाहेर उभे केले, त्याच्या नावाने लोकांच्या दानातून त्याच गावात एक घर उभे राहिले होते.