कोरटकर, केशवराव

(१८६७–२१ मे १९३२). हैदराबाद संस्थानातील नामांकित वकील, पुढे तेथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, आर्यसमाजाचे अग्रणी, विवेकवर्धिनी शिक्षणसंस्थेचे एक संस्थापक आणि निजामी अंमलातील मराठी समाजाच्या सार्वजनिक जीवनाचे एक आद्य प्रवर्तक. जन्म तत्कालीन परभणी जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील पुरजळ या गावी. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा निर्माण झाला आणि वसमतचा अंतर्भाव त्या जिल्ह्यात झाला.

केशवरावांच्या कार्याचे मोल ठरविण्यापूर्वी त्या काळच्या हैदराबाद संस्थानाची स्थिती ध्यानी घेणे अवश्य आहे. तेलुगू, मराठी व कन्नड या तीन भाषांचे प्रदेश एकाच दरबाराच्या अंमलाखाली नांदत होते. प्रजेपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांची भाषा मराठी होती. तथापि राज्यकारभाराची भाषा प्रथम फार्सी आणि १८८४ पासून उर्दू असल्यामुळे शाळेत, कचेरीत व अदालतीत मायबोलीला स्थान नव्हते. लोकनियुक्त सभागृह नाही, वृत्तपत्रांना मोकळीक नाही आणि सभा भरवावयाची म्हटली तरी सरकारी परवानगीवाचून पाऊल टाकण्याची सोय नाही, अशा राज्यात ज्याला कायदा ठाऊक आहे, ज्याची उपजीविका दरबारच्या मर्जीवर अवलंबून नाही आणि ज्याच्या शब्दाला हाकिमापुढे काही वजन आहे असा एकच वर्ग उरला होता, तो वकिलांचा. ब्रिटिश हिंदुस्थानात प्राध्यापक, संपादक व वकील यांनी मिळून जे कार्य केले, ते हैदराबादेत बव्हंशी एकट्या वकिलाच्या शिरावर येऊन पडले.

केशवरावांनी वकिलीस आरंभ केला तो गुलबर्गा येथे. तेथे नावलौकिक संपादन केल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते हैदराबाद शहरी आले आणि राजधानीतील अग्रगण्य वकिलांत त्यांची गणना होऊ लागली. मराठवाड्यातील पक्षकाराला अशा वकिलाचा आधार किती मोठा वाटत असेल, याची कल्पना आज सहजासहजी येणार नाही. जमिनीचा, वतनाचा किंवा वारसाचा तंटा घेऊन राजधानीत आलेल्या देशमुख-देशपांड्यांजवळचे जुने कागद मोडी लिपीत असत, कैफियत मात्र उर्दूत द्यावी लागे आणि निवाडाही उर्दूतच लिहिला जाई. म्हणजे आपल्याच घराण्याच्या हक्काविषयी भर अदालतीत काय बोलणे चालले आहे, हे खुद्द हक्कदाराला कळण्याचा मार्ग नसे. त्याचे दप्तर मोडीतून वाचून त्याची बाजू उर्दूतून मांडणारा आणि हुकुमाचा मथितार्थ मराठीत समजावून देणारा वकील हा पक्षकार व राज्यसत्ता यांच्यामधील दुभाषी ठरे. या व्यवसायातून जनतेच्या अडचणींचे जे ज्ञान व समाजात जी प्रतिष्ठा केशवरावांना लाभली, ती त्यांनी लोकसंस्थांच्या उभारणीस लावली.

या संस्थांत अग्रमान शिक्षणाचा होता. १९०६-०७ च्या सुमारास हैदराबादेत विवेकवर्धिनी पाठशाळा स्थापन झाली. केशवराव, वामनराव नाईक आणि त्यांचे सहकारी यांच्या परिश्रमाचे ते फळ होते. याच सुमारास गुलबर्ग्यास नूतन विद्यालय निघाले. सरकारी शाळांतून मातृभाषेची उपेक्षा होत असता लोकांच्या वर्गणीवर खाजगी शाळा चालविणे, हा त्या काळी मुलांना केवळ लिहिणे-वाचणे शिकविण्यापुरता उद्योग राहिला नव्हता. वर्गणी गोळा करणे, नियमावली करणे, कार्यकारी मंडळ निवडणे आणि जमाखर्च सभेपुढे मांडणे या साध्या व्यवहारांतून, राज्यात इतरत्र कोठेही न मिळणारे स्वशासनाचे शिक्षण प्रौढ नागरिकांना मिळत होते. सरकारने पुढे खाजगी शाळांना पूर्वपरवानगीचे बंधन घातले आणि गश्ती निशान ५३ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकाने सार्वजनिक सभांवर निर्बंध लादले, यावरून या संस्थांचे सामर्थ्य दरबारानेही नेमके ओळखले होते असे दिसते. जांबबाग भागातील विवेकवर्धिनी त्या दडपणातून टिकली, तिच्या शाखा वाढल्या आणि कालांतराने तिची महाविद्यालयेही निघाली.

त्यांच्या कार्याचे दुसरे अंग आर्यसमाजाचे. हैदराबादेत आर्यसमाजाची शाखा १८९२ साली स्थापन झाली. तिचे केंद्र सुलतान बाजार येथे होते. हा भाग रेसिडेन्सीच्या हद्दीत मोडत असल्याने १९३३ पर्यंत तेथे इंग्रज रेसिडेंटाचा अधिकार चाले आणि शहराच्या इतर भागांपेक्षा सार्वजनिक चळवळीस तेथे थोडी अधिक मुभा मिळे. केशवरावांनी दीर्घकाळ या समाजाचे नेतृत्व केले. स्त्रीशिक्षण, विधवाविवाह, जातिभेदाचा व अस्पृश्यतेचा निषेध हा समाजाचा कार्यक्रम त्यांनी व्याख्यानापुरता ठेवला नाही. नामवंत वकिलाच्या मुलाने इंग्रजी शाळेत शिकून सरकारी हुद्दा मिळवावा अशी सार्वत्रिक अपेक्षा असताना त्यांनी आपले पुत्र विनायकराव यांना हरद्वारजवळील कांगडी गुरुकुलात धाडले. महात्मा मुन्शीराम, म्हणजेच पुढील काळातील स्वामी श्रद्धानंद, यांनी १९०२ साली तेथे सुरू केलेल्या या प्रयोगाची उपयुक्तता त्या वेळी सिद्ध व्हावयाची होती, हे लक्षात घेता पित्याच्या निष्ठेची खोली प्रत्ययास येते.

सामाजिक सुधारणेच्या व्यासपीठावरूनच हैदराबादेतील राजकीय जागृतीचा उगम झाला. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या वास्तूत महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली असता आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत भाषण करण्यास उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांतील काही मराठी मंडळींनी त्यांची हेटाळणी केली. या अपमानाने व्यथित झालेल्या तेलुगू कार्यकर्त्यांनी त्यानंतर आंध्र जनसंघाची स्थापना केली, आणि त्याच बीजातून पुढे आंध्र महासभेचा विस्तार झाला. उर्दूच्या वर्चस्वाखाली स्वतःच्या भाषेसाठी झगडणाऱ्या समाजाकडून शेजारच्या भाषेचा असा अवमान व्हावा, ही मराठी नेतृत्वाच्या त्या कालखंडातील खेदजनक घटना होय, आणि प्रस्तुत इतिहासात ती नमूद करणे प्रामाणिकपणाचे आहे.

संस्थानाच्या हद्दीत राजकीय परिषद भरविणे अशक्य असल्यामुळे हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशने बाहेर भरली: पहिले १९२३ साली काँग्रेसच्या अधिवेशनाच्या वेळी काकीनाडा येथे, पुढील मुंबई व पुणे येथे आणि चौथे १९३१ साली अकोला येथे. जबाबदार राज्यपद्धती आणि नागरिकांचे मूलभूत हक्क या तेथील मागण्यांमागे केशवराव आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने दोन तपे केलेली मशागत होती. या पिढीची रीत नेमस्त होती; अर्ज, ठराव, शाळा व परिषद ही तिची साधने. सत्याग्रहाचे युग तिच्या पश्चात आले. केशवरावांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १९३७ साली, परतूर येथे संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा सुरू झाला.

विनायकराव गुरुकुलातून ‘विद्यालंकार’ ही पदवी आणि इंग्लंडातून बॅरिस्टरीची सनद घेऊन परतले व त्यांनी हैदराबादेत वकिली सुरू केली. आर्यसमाजाने निजाम सरकारविरुद्ध केलेल्या १९३८-३९ च्या आर्य सत्याग्रहात आठवे सर्वाधिकारी, म्हणजे क्रमाने येणारे सत्याग्रहाचे नेते, म्हणून त्यांची निवड झाली होती. परंतु त्यांची पाळी येण्यापूर्वीच सत्याग्रह मागे घेण्यात आला. संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५० साली मुख्यमंत्री वेल्लोडी यांच्या आणि १९५२ नंतर मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी मंत्रिपद सांभाळले; १९५७ साली ते हैदराबादमधून लोकसभेवर निवडून आले. ज्या राज्यात पित्याला शाळेसाठी परवानगीची वाट पाहावी लागली, त्याच राज्याच्या कारभारात पुत्राने लोकप्रतिनिधी म्हणून स्थान घेतले.

केशवरावांनी ग्रंथ लिहून कीर्ती मिळविली नाही, वा त्यांच्या नावावर एखादा गाजलेला लढाही नाही. ज्या काळी निजामी मुलखातील मराठी माणसाला एकत्र येण्यास जागा नव्हती, त्या काळी त्यांनी ती जागा निर्माण केली आणि आपली वकिली त्या कार्याच्या सेवेस लावली, हे त्यांचे स्थायी श्रेय होय. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास १९३८ पासून सांगण्याचा प्रघात आहे. त्या संग्रामातील माणसे ज्या शाळांत घडली, त्यांच्या उभारणीपासून तो सांगितल्यास केशवरावांचे स्थान त्यात आरंभीच येते. त्यांच्या स्मरणार्थ १९४० साली हैदराबादेतील नारायणगुडा भागात केशव स्मारक शिक्षणसंस्थेची स्थापना झाली. ती आजही चालू आहे.