इन्व्हर्टर व नळीदिवा : जत परिसर

बॅटरीतील एकदिश विद्युत् प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणाऱ्या साधनास इन्व्हर्टर म्हणतात. डेव्हिड प्रिन्स या अमेरिकन अभियंत्याने १९२५ मध्ये या नावाचा लेख प्रसिद्ध केला. १९५७ नंतर थायरिस्टर व पुढे शक्तिशाली ट्रँझिस्टर उपलब्ध झाल्याने हे साधन घरगुती वापराइतके लहान झाले. नळीदिवा अमेरिकेत १९३८ मध्ये विक्रीस आला.

जत हे डफळे घराण्याच्या संस्थानाचे ठाणे. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाले व १९६२ मध्ये कोयना प्रकल्पातून वीज मिळू लागली. कंदील व चिमणीची जागा विजेच्या दिव्याने घेतली. तथापि लांब वाहिन्यांच्या टोकाला असलेल्या गावी, शेतीपंप सुरू असताना, विद्युत् दाब उतरणे ही नित्याची अडचण होती. २००५ च्या सुमारास राज्याच्या ग्रामीण भागात दिवसातून अनेक तास भारनियमन होऊ लागले व इन्व्हर्टरची गरज वाढली.

नळीदिवा प्रज्वलित होण्यास तारांचे तापन व क्षणिक उच्च दाब या दोहोंची आवश्यकता असते. स्टार्टरचा संपर्क तुटताच चोकच्या वेटोळ्यात हा दाब निर्माण होतो. नंतर चोक प्रवाहावर मर्यादा ठेवतो. पुरवठ्याचा दाब कमी पडल्यास स्टार्टर वारंवार लुकलुकतो, नळी पेटत नाही व तिची टोके काळवंडतात.

स्वस्त इन्व्हर्टरमधून बहुधा चौकोनी तरंग मिळतो. घरगुती २३० व्होल्टच्या ज्यावक्रीय तरंगाचा कमाल दाब सुमारे ३२५ व्होल्ट असतो, तर तेवढ्याच परिणामी मूल्याच्या चौकोनी तरंगाचा कमाल दाब केवळ २३० व्होल्ट असतो. कमाल दाबावर अवलंबून असणारा इलेक्ट्रॉनिक चोक त्यामुळे अडतो. रोहित्राच्या दुय्यम गुंडाळीचे वेढे वाढवून किंवा स्वयंरोहित्र जोडून दाब वाढविता येतो. परंतु दाबवर्धनाने शक्ती निर्माण होत नाही. ४० वॉटच्या नळीस व ऱ्हासास मिळून सुमारे ५० वॉट लागल्यास १२ व्होल्टच्या बॅटरीतून चार अँपिअरहून अधिक प्रवाह घ्यावा लागतो. म्हणून बॅटरी व ट्रँझिस्टर यांची क्षमता न पाहता केलेले वर्धन ती दोन्ही निकामी करते. शिवाय अशा इन्व्हर्टरमधील उच्च दाब प्राणघातक ठरू शकतो.

बॅटरीवर थेट चालणारा, उच्च वारंवारतेचा चोक हा अधिक काटकसरीचा उपाय ठरला. आपत्कालीन व सौर दिव्यांत त्याचा वापर झाला. २०१५ नंतर एलईडी दिवे स्वस्त झाले. त्यांना चोक लागत नाही; त्यांच्या अधिक कार्यक्षमतेमुळे सुमारे २० वॉटमध्ये नळीदिव्याइतका प्रकाश मिळू लागला व दाबवर्धनाचा प्रश्न बव्हंशी मागे पडला. अभ्यासाची वही उघडून बसलेल्या विद्यार्थ्याला प्रकाश हवा असतो, विशिष्ट दिवा नव्हे. तंत्रातील हा बदल त्या गरजेतूनच समजून घ्यावा लागतो.