भिजून आल्यावरचा पोशाख

थंड हवेच्या देशांत गारठा आणि पाऊस पुष्कळदा एकाच दिवशी येतात, आणि म्हणून तेथील मातेला मूल अंगणात सोडण्यापूर्वी त्याच्या अंगावर लोकरीचे एक, त्यावर दुसरे आणि सर्वांवर जलाभेद्य असे तिसरे वस्त्र चढवावे लागते. साष्टी बेटाच्या वाट्याला हा खटाटोप आला नाही. आज मुंबईची उपनगरे म्हणविणारी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही गावे, जी एके काळी ठाणे जिल्ह्याच्या सरकारी दप्तरात साधी मौजे म्हणून नोंदलेली होती, ज्या बेटावर वसली आहेत तेथे वर्षाकाठी दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो खरा, परंतु तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत; थंडी येते ती पौष-माघात, कोरडी, आणि इतकी बेताची की सांताक्रूझच्या वेधशाळेने २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदलेले ७.४ अंश सेल्सिअस हे तपमान लोक नवलाने सांगतात. ओल आणि गारवा यांची गाठ पडते ती झडीच्या दिवसांत, भिजल्या अंगाला वारा झोंबतो तेव्हाच. त्यामुळे येथील लहान मुलांच्या पावसाळी वस्त्रांचा जुना इतिहास पाहू जाता, मूल बाहेर पडताना काय ल्यायले यापेक्षा ते भिजून परतल्यावर त्याला काय घातले, यातच तो अधिक सापडतो, असे माझे मत आहे.

बाहेर पडतानाचा सरंजाम अगदीच थोडा होता. आगरी, कोळी, कुणबी आणि डोंगरालगतच्या पाड्यांतील वारली यांची लहान पोरे कमरेचा करगोटा व फार तर एक लंगोटी एवढ्यावर मृगाच्या सरींत धावत सुटत. पहिल्या पुराबरोबर ओढ्यांतून चढणारे वलगणीचे मासे धरणे, शेताच्या बांधावर खेकड्यांची बिळे हुडकणे, चिखल तुडवणे या उद्योगांना वस्त्राची अडचणच व्हावी, आणि कातडीइतके लवकर वाळणारे कापड तर अद्यापि कोणी विणलेले नाही. पावसापासून रक्षण करणारी साधने नव्हती असे नव्हे. ती कामाची होती, खेळाची नव्हती. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पळसाची पाने बसवून केलेले इरले डोक्यापासून पाठीवर उतरे, आणि लावणीसाठी ओणव्या झालेल्या माणसाचे दोन्ही हात मोकळे ठेवी. तेच इरले घेऊन पळू पाहणाऱ्या पोराला मात्र वारा जागच्या जागी फिरवील. घोंगडीची खोळ भिजली तरी ऊब सोडत नसे, पण ओल्या घोंगडीचे वजन सहा वर्षांच्या खांद्यांना पेलणारे नव्हे. गुरांमागे धाडलेल्या पोराला गोणपाट मिळे: पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की टोकदार टोपीसह पाठ झाकणारी खोळ तयार! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याकडे तागाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि धान्याची पोती घरोघर साठू लागली, तेव्हापासून गरिबाच्या मुलाला हे आयते वस्त्र लाभले. ते पाणी अडवी थोडे आणि पिई फार.

खरा पोशाख मूल उंबऱ्याशी परतले म्हणजे सुरू होई. आधी बोल, मग पंचाने खसखसून डोके पुसणे, मग टाळूवर वेखंडाची पूड, आणि त्यानंतर आजीच्या मऊ जुन्या लुगड्याचे दुपटे किंवा गोधडी. तान्ह्याला टोपडे, नाही तर पाठीवर झालर सोडलेली कुंची. निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूचे डालगे पालथे घालून त्यावर लंगोट, झबली वाळत घालीत, आणि निखाऱ्यावर चिमूटभर ओवा पडला की त्या कपड्यांना जो वास येई, तो ज्यांच्या अंगाला लागला त्यांना पुढे कोणतेही अत्तर तितकेसे भावत नाही. (हे विधान मी पुराव्यानिशी सिद्ध करू शकत नाही, ज्यांना आजी होती त्यांनी साक्ष द्यावी.) भिजण्यावर मनाई नव्हती, ओले राहण्यावर होती, आणि या भेदात आरोग्याचे बरेच शहाणपण साठले होते.

हा क्रम उलटा केला तो शाळेने. १८५३ पासून आगगाडी साष्टीतून धावत होती, १९२० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला, १९२८ मध्ये विजेची गाडी बोरिवलीपर्यंत पोहोचली, आणि कारकून, शिक्षक, पेढीवरचे गुमास्ते यांची कुटुंबे चाळींतून व लहान बंगल्यांतून येऊन राहिली. विलेपार्ल्यात पार्ले टिळक विद्यालय १९२१ मध्ये निघाले. शाळा जूनमध्ये उघडते, मृगही जूनमध्येच लागतो. म्हणजे नवी पुस्तके आणि पहिला पाऊस यांची भेट अटळ. घरी गणवेशाचे जोड दोन, चाळीच्या सज्जातली दोरी सर्वांची मिळून एक, आणि झडीत खाकी चड्डी तीन-तीन दिवस वाळत नाही. आईचा ‘भिजू नकोस’ हा हुकूम पडशापेक्षा या हिशेबातून अधिक निघाला असावा, असा मला संशय आहे.

हा हुकूम पाळण्याचे साधन म्हणजे बरसाती. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ मध्ये रबर दोन कापडांमध्ये बसवून जे जलाभेद्य वस्त्र केले, ते स्कॉटलंडच्या हवेसाठी. कलकत्त्यात सुरेंद्रमोहन बोस यांच्या बेंगॉल वॉटरप्रूफ कारखान्याने १९२० पासून ‘डकबॅक’ या नावाने स्वदेशी बरसात्या काढल्या, त्या मुंबईच्या मुलांनीही अंगावर घातल्या; आणि जुलैच्या दमट हवेत बाहेरच्या पाण्याने नाही भिजला तो आतल्या घामाने भिजला. पुढे प्लॅस्टिक आले, पायांत रबरी-प्लॅस्टिकी चपला आल्या, आणि बरसातीला पाठीवर दप्तर मावेल असे पोक काढण्यात आले. त्या पोकाची रचना नीट पाहिली तर वस्त्र कोणासाठी शिवले याविषयी शंका उरत नाही: पुस्तके कोरडी राहावीत हा मुख्य उद्देश, मूल त्यांचे वाहन. खेळ वाटेतच उरकायचा, गटारात कागदी होडी सोडून किंवा मैदानाच्या ओल्या मातीत टोकदार सळई रुतवीत जाण्याच्या डावात, बरसातीची बटणे सोडून.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारा हा जंतू पायाच्या खरचटीतून शिरतो हे घरोघर कळले. अनवाणी चिखलाला मुकण्याचे हे कारण खोटे म्हणता येत नाही. तेव्हापासून सोसायट्यांच्या फाटकांशी चार वर्षांची मुले गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत उभी दिसतात. बुटांत पाणी शिरले की तो जोडही दोन दिवस वाळत नाही, आणि शेगडी व डालगे आता घरात नसल्याने तो पंख्याखाली उलटा करून ठेवतात.