नसबंदी, तांबी आणि बायकोची मर्जी

मागच्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीची अम्मी शाळेत आली. मला वाटलं, हजेरीचं काही असेल. तिनं बुरख्याआडून घडी घातलेला कागद काढला. "बाजी, मराठी में हय, पढके सुनाव." बिनटाक्याच्या ऑपरेशनचा संमती-अर्ज होता. चार लेकरं झालेली, पाचवं नको. पण दवाखान्यात कुणीतरी सांगितलेलं, नवऱ्याची सही आणा. नवरा पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर. आणि सासू म्हणते, हे आपल्यात हराम.

अर्ज वाचला. सही मागितली होती ती तिचीच. सरकारी नियमही तोच आहे, जोडीदाराची संमती लागत नाही.

राहिला हराम-हलालचा प्रश्न. मी काही आलिमा नाही, पण वाचलंय तेवढं सांगते. रसूलुल्लाहच्या काळात सहाबा 'अज़्ल' करत, म्हणजे वीर्य बाहेर सोडत, आणि त्यांना मना केलं गेलं नाही, अशी हदीस हजरत जाबिर यांच्याकडून आलेली आहे. इ.स. ११११ मध्ये वारलेल्या इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये अज़्लची कारणंही दिली आहेत : बाळंतपणात बाईच्या जिवाला धोका, जास्त लेकरांमुळे होणारी ओढाताण. बायकोचं रूप टिकावं हे कारणसुद्धा त्यांनी चालवून घेतलंय! मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती हनफी, मालिकी आणि हंबली फकीहांपैकी बहुतेकांनी घातलेली अट : पत्नीच्या मर्जीशिवाय अज़्ल करायचा नाही. विचारायचं ते बाईला. आपल्याकडे कागद उलटा फिरतोय. कायमची शस्त्रक्रिया मात्र वेगळी, ती जायज नाही, असं बरेच उलेमा मानतात. हेही तिला लपवून ठेवलं नाही.

एक सांगायला हवं, की विरोध काही एकट्या मुसलमानांनी केला नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपलं काढलं होतं. गणिताचा हा प्राध्यापक. या कामापायी त्याची नोकरी गेली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक, ते १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले, दंड भरावा लागला. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत आंबेडकरांच्या पक्षानं संततिनियमनाचा ठराव आणला, तोही पडला. आमचं चुडावा तेव्हा मोगलाईत, निजामाच्या राज्यात. मुंबईतलं ते मासिक इथल्या बायकांपर्यंत कुठून पोचणार?

इथं पोचली ती १९७६ ची जीप. नानी सांगायची, जीपचा आवाज आला की मर्द ज्वारीत जाऊन बसत. रात्री भाकरी तिकडेच न्यावी लागे. त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून वाचलो. देशात १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. सरकार पडलं. मग पुढच्या सरकारांनी पुरुषांचं नावच टाकलं आणि सगळा भार बायकांवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांनी ऑपरेशन केलेलं आढळलं. पुरुषांचं प्रमाण शंभरात एकही नाही. खरं तर पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पोटात शिरावं लागत नाही. पण ज्वारीत लपलेले मर्द अजून बाहेर आलेले नाहीत.

हे सगळं मी तिला एवढं लांबवून सांगितलं नाही. मधली सुट्टी संपत आली होती. तांबीचं सांगितलं : बसवली की दहा वर्षंही चालते, नको झाली की काढता येते. 'अंतरा' सुईचं सांगितलं. २०१७ पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, दर तीन महिन्यांनी घ्यायची, पाळी मागेपुढे होते, घाबरायचं नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सुई का किसकू पता नै चलता ना, बाजी?"

नाही चालत, मी म्हटलं.

तिनं तोच कागद उलटा करून माझ्यापुढे ठेवला. पहिली सुई सोमवारी घेतली तर पुढच्या कधी, त्या वर्षभराच्या तारखा मी उर्दूत लिहून दिल्या. सासूला उर्दू वाचता येत नाही.