दाईंहाटची पूजा ते गांधीबागेतील उत्सववर्ष : नागपूर आणि बंगाली सणपरंपरा

प्रस्तावना

नागपूर शहराच्या इतिहासलेखनात गोंड राजवट, भोसले राजवट आणि इंग्रजी अंमल असे तीन कालखंड मानले जातात. या मांडणीत बंगालचा उल्लेख प्रामुख्याने स्वाऱ्यांच्या संदर्भात येतो. शहरात स्थायिक झालेल्या बंगाली समाजाची आणि त्याच्या सणपरंपरेची नोंद मात्र 'परप्रांतीयांचे उत्सव' या सदराखाली दोन ओळींत आटोपली जाते. वास्तविक हे दोन्ही विषय परस्परांपासून वेगळे नाहीत. गांधीबाग, इतवारी आणि महाल हा एकमेकांना लागून असलेला परिसर त्याची साक्ष देतो. महालात भोसल्यांचा वाडा आहे, इतवारीच्या सराफ्यात बंगाली कारागीर सोन्याचे काम करतात, चितार ओळीत मूर्ती घडतात आणि गांधीबागेच्या कापडबाजारात सणासुदीची खरेदी होते. बंगालवरील स्वारीची स्मृती आणि बंगालमधून आलेला माणूस, दोघेही येथे हाकेच्या अंतरावर आहेत.

प्रस्तुत लेखात बंगाली उत्सववर्षाचे स्वरूप नागपूरच्या संदर्भात तपासले आहे. अठराव्या शतकात नागपूरच्या सेनापतीने बंगालमध्ये केलेली दुर्गापूजा आणि विसाव्या शतकात बंगाली समाजाने नागपुरात रुजविलेली दुर्गापूजा यांची तुलना हा लेखाचा मुख्य विषय आहे. या दोन पूजांमधील खरा फरक विधींत नसून पूजेसाठी लागणारे द्रव्य कोणाकडून आणि कसे आले यात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

दाईंहाटची पूजा

पहिल्या रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर इ.स. १७४२ च्या वसंतात बंगालमध्ये शिरले. नवाब अलीवर्दी खानाला त्यांनी बर्दवानजवळ कोंडीत पकडले. पुढे मीर हबीब त्यांना येऊन मिळाला. मे महिन्यात मुर्शिदाबादवर छापा पडला आणि जगत्शेठची पेढी लुटली गेली. पावसाळ्यात मराठ्यांचे मुख्य ठाणे भागीरथीकाठच्या काटव्यास होते. शरद ऋतू आला तेव्हा भास्कररामांनी काटव्याजवळच्या दाईंहाट येथे मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली. महाराष्ट्रातील नवरात्राचा परिचित असा घटस्थापनेचा कुलाचार त्यांनी केला नाही. त्यांनी बंगालच्या रीतीप्रमाणे मृण्मयी मूर्तीची पूजा केली, ही बाब लक्षणीय आहे. परमुलखात राज्य करावयाचे तर तेथील देवीला प्रसन्न करून घ्यावे, हा राजकीय हेतू त्यामागे असावा.

तथापि या पूजेचा खर्च आसपासच्या जमीनदारांकडून खंडणीवजा वसूल करण्यात आला होता. पूजा पूर्ण होण्यापूर्वीच, २७ सप्टेंबर १७४२ च्या पहाटे, अलीवर्दी खानाच्या सैन्याने नदी ओलांडून छावणीवर अचानक हल्ला केला. मराठ्यांना मूर्ती आणि छावणी तशीच सोडून निघावे लागले. मार्च १७४४ मध्ये मानकरा येथे वाटाघाटींच्या निमित्ताने बोलावून नवाबाने भास्कररामांची त्यांच्या सरदारांसह हत्या केली. स्वाऱ्या त्यानंतरही चालू राहिल्या. १७५१ च्या तहाने बंगालच्या चौथाईपोटी सालीना १२ लाख रुपये देण्याचे ठरले आणि ओरिसावर भोसल्यांचा अंमल बसला. १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत तो टिकला.

या घटनेची दखल घेणारे गंगाराम या कवीचे 'महाराष्ट्र पुराण' हे बंगाली काव्य जवळजवळ समकालीन आहे. त्यात मराठे प्रथम पापी झालेल्या जगाला शासन करण्यासाठी दैवी आज्ञेने आलेले दाखविले आहेत. मात्र निरपराध प्रजेची आणि ब्राह्मण-वैष्णवांची हत्या होऊ लागताच देवी त्यांच्यावर कोपते आणि आपली कृपा नवाबाकडे वळविते. कवीच्या दृष्टीने येथे धर्माची बाजू स्वधर्मीय आणि परधर्मीय अशा भेदावर ठरत नाही. जी देवी पूजेला बसविली, तीच पूजा करणाऱ्याचा न्याय करते. मराठी वाचकाने या काव्याकडे शत्रुपक्षाचा मजकूर म्हणून न पाहता एक सामाजिक साक्ष म्हणून पाहणे आवश्यक आहे. मराठीतील 'बारगीर' हा सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या स्वारासाठीचा साधा लष्करी शब्द. बंगालीत तोच 'बर्गी' होऊन मुलांना भीती घालण्याचा शब्द झाला आणि अंगाईगीतांत जाऊन बसला. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये दोन प्रांतांच्या स्मृतींचे अंतर सामावलेले आहे.

महालातील स्मृती : हडपक्या गणपती

बंगालच्या स्वारीची नागपूरची स्मृती याच्या अगदी उलट आहे. भोसल्यांच्या वाड्यात पितृपक्षात बसणारा 'हडपक्या' किंवा 'मस्कऱ्या' गणपती हे तिचे उत्सवी रूप होय. खंडोजी ऊर्फ चिमणाबापू भोसले बंगालच्या स्वारीवरून विजयी होऊन परतले तेव्हा भाद्रपदातील गणपतीचे विसर्जन होऊन गेले होते. म्हणून विजयाप्रीत्यर्थ पितृपक्षात पुन्हा गणपती बसविला व लावण्या, नकला, गोंधळ अशा रंजनाने उत्सव साजरा केला, असे परंपरा सांगते.

ऐतिहासिक साधनांतून दिसणारे चित्र थोडे निराळे आहे. इंग्रजांविरुद्धच्या संयुक्त मोहिमेचा भाग म्हणून चिमणाबापूंचे सैन्य १७७९ मध्ये बंगालच्या दिशेने निघाले आणि दीर्घकाळ कटक परिसरात राहिले. १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने द्रव्य देऊन ते आपल्या विरोधातून बाजूला काढले. उत्सवाने जपलेला 'विजय' आणि कागदपत्रांतील तडजोड यांत हे अंतर आहे. यामुळे उत्सवाचे महत्त्व कमी होत नाही. समाजाला काय आठवावेसे वाटते हे उत्सवातून कळते, एवढाच त्याचा अर्थ.

हा गणपती बसतो त्याच पंधरवड्याच्या अखेरीस सर्वपित्री अमावास्या येते. तीच बंगाली समाजाची महालया होय. त्या दिवशी पहाटे पितृतर्पण होते आणि आकाशवाणीवरील 'महिषासुरमर्दिनी' हा १९३१ पासूनच्या परंपरेचा कार्यक्रम घराघरांत ऐकला जातो. देवीच्या आगमनाची ती सूचना असते. बंगालवरील विजयाचा उत्सव आणि बंगालच्या देवीची चाहूल या दोन्ही गोष्टी नागपुरात एकाच पंधरवड्यात घडतात.

बंगाली समाजाचे आगमन

१८५४ मध्ये नागपूर संस्थान खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. नव्या प्रशासनाला इंग्रजी शिकलेले वकील, शिक्षक, डॉक्टर आणि कारकून हवे होते. इंग्रजी शिक्षणाचा प्रसार बंगालमध्ये आधी झालेला असल्याने हा वर्ग तेथून आला. हिस्लॉप आणि मॉरिस ही नागपूरची सुरुवातीची महाविद्यालये काही काळ कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होती. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस हे याच वर्गाचे प्रतिनिधी होत. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९१ मध्ये नागपूर आसनसोलशी जोडले गेले. रेल्वेच्या नोकरीने बंगाली कुटुंबांची दुसरी लाट आणली. धंतोलीतील बंगाली एज्युकेशन सोसायटीचे दीनानाथ हायस्कूल आणि तेथील बंगाली असोसिएशनची दुर्गापूजा या स्थायिक झालेल्या समाजाच्या सार्वजनिक जीवनाच्या खुणा आहेत.

तिसरा प्रवाह कारागिरांचा. इतवारीच्या सराफ्यात बारीक नक्षीचे काम करणारे बंगाली सुवर्णकार गांधीबाग-इतवारीच्या गल्लीबोळांत भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि तेथेच काम करतात. पहिल्या दोन प्रवाहांजवळ शिक्षण आणि सरकारी पद होते. या तिसऱ्या प्रवाहाजवळ केवळ हातातील कौशल्य आहे. बंगाली उत्सववर्षाचा विचार करताना हा वर्गभेद नजरेआड करता येत नाही.

वर्षाची मांडणी

बंगाली पंचांगाचे महिने सौर असले तरी बहुतेक पूजा चांद्र तिथींना होतात. त्यामुळे बंगाली सणांचे नागपूरच्या संदर्भात तीन गट पडतात.

पहिला गट तिथी समान असलेल्या सणांचा. आश्विन पौर्णिमेला मराठी घरांत कोजागरीचे दूध आटते आणि बंगाली घरांत तांदळाच्या पिठाची पावले रेखून लक्ष्मीपूजा होते. 'कोण जागे आहे' हा देवीचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. आश्विन अमावास्येला मराठी घरांत लक्ष्मीपूजन, तर बंगाली समाजात मध्यरात्री कालीपूजा. कार्तिक शुद्ध द्वितीयेला एकीकडे भाऊबीज, दुसरीकडे भाईफोंटा. फाल्गुन पौर्णिमेला होळीबरोबर दोलयात्रा. मार्गशीर्षातील गुरुवारचे महालक्ष्मीव्रत मराठी स्त्रियांना परिचित आहे. बंगाली गृहिणी वर्षभर गुरुवारी लक्ष्मीची पूजा करून तिची कथा वाचतात. या गटातील सण शेजाऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत.

दुसरा गट देवता समान पण दिवस भिन्न असलेल्या सणांचा. मराठी परंपरेत सरस्वतीपूजन नवरात्रात व दसऱ्याच्या पाटीपूजनात येते. बंगाली विद्यार्थी मात्र माघ शुद्ध पंचमीला पुस्तके देवीपुढे ठेवतात आणि लहान मुलांचे अक्षरलेखन त्या दिवशी सुरू होते. आषाढ शुद्ध द्वितीयेची रथयात्रा आषाढी एकादशीच्या आधी आठवडाभर येते. दोन्हींत विष्णूचेच रूप, पण एकात देव भक्ताकडे बाहेर पडतो आणि दुसऱ्यात भक्त देवाकडे चालत जातो. ज्येष्ठातील जमाईषष्ठीला जावयाचा मान होतो. विदर्भात जावयाच्या मानाला अधिकमासाचे निमित्त लागते, बंगालमध्ये ते दरवर्षी येते.

तिसरा गट सौर गणनेवर आधारलेल्या सणांचा. १७ सप्टेंबरच्या सुमारास येणारी विश्वकर्मापूजा हा कारागिरांचा खास दिवस. ऐरण, हातोडी, चिमटा, फुंकणी ही अवजारे त्या दिवशी कामाला न लावता पूजिली जातात. मराठी माणूस शस्त्रे व अवजारे खंडेनवमी-दसऱ्याला पूजतो. एप्रिलच्या मध्यास पोइला बैशाख येतो. त्या दिवशी बंगाली व्यापारी 'हालखाता' म्हणजे नवी वही उघडतो. गांधीबाग-इतवारीच्या पारंपरिक व्यापाराची वही मात्र दिवाळीला पूजिली जाते. पौष संक्रांतीचा एकच अपवाद : ती सौर असूनही दोन्ही समाजांत समान आहे. तिळगुळाच्या जागी तेथे तांदूळ, नारळ आणि नव्या गुळाचे पिठे असते, एवढाच फरक.

कारागिराचे पंचांग

या वर्गीकरणातून एक सामाजिक वास्तव पुढे येते. धंतोलीतील नोकरदाराला दुर्गापूजेसाठी रजा घेता येत असे, सराफ्यातील कारागिराची गोष्ट वेगळी. दसरा ते धनत्रयोदशी हा दागिन्यांच्या विक्रीचा काळ आणि दुर्गापूजा नेमकी त्याच्या आरंभी येते. ज्या दिवसांत घरी जाण्याची ओढ सर्वाधिक, त्याच दिवसांत कामाचा दाबही सर्वाधिक. मजुरी नगावर किंवा वजनावर मिळत असल्यास गेलेला दिवस म्हणजे बुडालेली कमाई. म्हणजेच त्याचे उत्सववर्ष तिथीने ठरत असले तरी त्यातील किती दिवस त्याच्या वाट्याला यावेत हे बाजार ठरवितो. २०२० च्या टाळेबंदीत परप्रांतीय कारागिरांच्या स्थितीकडे समाजाचे लक्ष गेले. सण मात्र त्यापूर्वीही दरवर्षी हाच प्रश्न शांतपणे विचारत होता.

खंडणी आणि वर्गणी

बंगालमध्येही दुर्गापूजा प्रारंभी जमीनदारांच्या वाड्यांत होत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हुगळी जिल्ह्यातील गुप्तिपाडा येथे मित्रमंडळींनी एकत्र येऊन केलेल्या पूजेतून 'बारोयारी' पद्धत पुढे आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात 'सार्बजनीन' पूजा रूढ झाली. याच सुमारास, १८९३ पासून, महाराष्ट्रात सार्वजनिक गणेशोत्सवाने मूळ धरले होते. दोन्हींचा आर्थिक पाया एकच : वर्गणी. नागपूरचा मराठी माणूस बंगाली मंडपात सहज शिरला, याचे एक कारण हे साधर्म्य होय. मंडप, पावतीपुस्तक, सायंकाळचे नाटक, प्रसादाची पंगत हे सारे त्याच्या ओळखीचे होते. फक्त ताशाच्या जागी ढाक होता आणि महाप्रसादात खिचडीचा भोग.

येथे दाईंहाटच्या पूजेशी तुलना करता येते. देवी तीच, तिथी त्याच, मूर्तीही तशीच मातीची. तेथे द्रव्य भयाने आले आणि पूजा अर्धवट राहिली. येथे ते स्वेच्छेने आले आणि पूजा पिढ्यान्पिढ्या टिकली. पराभव नवाबाच्या डावपेचांनी झाला हे खरेच. पण गंगारामाने त्याचा जो अर्थ लावला त्यात उत्सवाच्या नैतिक आधाराचे भान आहे. हे भान आजच्या मंडळांनाही, मग ती कोणत्याही भाषेची असोत, उपयुक्त ठरावे. दुकानदाराकडून सक्तीने घेतलेली वर्गणी आणि खंडणी यांतील सीमारेषा फार रुंद नसते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, नागपुरातील बंगाली सणपरंपरा ही केवळ बाहेरून आलेली उपपरंपरा नाही. तिचा या शहराशी असलेला संबंध १७४२ पर्यंत मागे जातो. दोन, 'बंगाली समाज' ही एकजिनसी बाब नाही. वकील, रेल्वे कर्मचारी आणि सुवर्णकार यांचे उत्सववर्ष एकाच पंचांगातून निघूनही सारखे नसते. पूर्व बंगालमधून आलेल्या आणि गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी-मुलचेरा भागात वसविलेल्या निर्वासितांची परंपरा, विशेषतः त्यांच्यातील मतुआ पंथाचे उत्सव, यांचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. तीन, स्थानिक इतिहास लिहिताना महालातील हडपक्या गणपतीची स्मृती आणि बंगाली अंगाईतील 'बर्गी'ची स्मृती एकत्र वाचली पाहिजे. एकीला गौरव आणि दुसरीला अपप्रचार म्हणून निकालात काढल्यास इतिहासाचा अर्धा भागच हाती लागतो.

दसऱ्याच्या दिवशी मराठी माणूस आपट्याची पाने देऊन वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. त्याच दिवशी देवीच्या विसर्जनानंतर बंगाली माणूस थोरांना प्रणाम करतो, बरोबरीच्यांना आलिंगन देतो आणि मिठाई वाटतो. ज्या सराफ्यात खऱ्या सोन्याचे काम चालते, तेथे त्या सायंकाळी पानांचे सोने आणि संदेश यांची देवाणघेवाण होऊ शकते, हीच पावणेतीनशेहून अधिक वर्षांच्या या संबंधाची सर्वांत मौलिक फलश्रुती म्हणावी लागेल.