बिरसीचे आकाश आणि सुवाह्य जीपीएस यंत्र : लहान विमानांच्या दिक्चालनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. धान, तलाव आणि वने ही त्याची सर्वपरिचित ओळख होय. बिरसी येथील धावपट्टी मात्र जिल्ह्यापेक्षा बरीच जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, ब्रिटिशांनी ती बांधली. पुढे ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ऑगस्ट १९९८ पासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि डिसेंबर २००५ नंतर भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाकडे आली. प्राधिकरण आणि कॅनडातील सीएई ही कंपनी यांच्या भागीदारीतून येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि गोंदियाच्या आकाशात लहान विमाने नित्याची झाली. या विमानांच्या वैमानिकाला आपण नेमके कोठे आहोत हे कसे कळत आले, आणि खिशात मावणाऱ्या उपग्रहाधारित यंत्राने त्यात काय बदलले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपग्रहापूर्वीचे दिक्चालन :

उपग्रह नव्हते तेव्हा लहान विमानाच्या वैमानिकाकडे होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि स्वतःचे डोळे एवढीच साधने असत. नागपूर ते बिरसी हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १३५ किलोमीटर, म्हणजे ७० सागरी मैलांहून थोडे अधिक. साठ सागरी मैलांच्या प्रवासात दिशेची एक अंशाची चूक झाल्यास विमान सुमारे एक सागरी मैल बाजूला जाते, हा वैमानिकांचा जुना ठोकताळा आहे. बाजूच्या वाऱ्याचा अंदाज पाच अंशांनी चुकला, तर बिरसीऐवजी ११-१२ किलोमीटर दूरच्या शेतांवर पोहोचण्याची वेळ येते. म्हणून वाटेतील खुणा पडताळत जावे लागे. गोंदिया जंक्शनला मिळणारे लोहमार्ग आणि वैनगंगा नदी या त्यांतील भरवशाच्या खुणा. तलाव मात्र फसवे. मालगुजारी काळापासूनच्या या तलावांची संख्या इतकी मोठी आहे की एका तलावाला दुसरा समजणे सहज शक्य असते. शिवाय पावसाळ्याअखेर पसरलेला तलाव मे महिन्यात आक्रसतो आणि नकाशावरील त्याच्या आकाराशी जुळत नाही. नकाशा वाचणे म्हणजे ऋतूही वाचणे, असे या भूप्रदेशाबाबत म्हणता येईल.

विदर्भाला रात्रीच्या उड्डाणांचीही परंपरा आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल योजनेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परतत. अंधारात जमिनीवरील खुणा दिसत नाहीत. अशा उड्डाणांचा भरवसा रेडिओ संकेतांवर असे. ही सामग्री मोठ्या विमानतळांपुरती होती, बिरसीसारख्या धावपट्टीच्या वाट्याला ती क्वचितच येई.

सुवाह्य यंत्राचा उदय :

अमेरिकी सैन्यासाठी विकसित होत असलेली जीपीएस प्रणाली नागरी उपयोगास खुली करण्याची घोषणा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये केली. त्याच महिन्याच्या पहिल्या दिवशी मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले होते आणि २६९ जण मृत्युमुखी पडले होते. दिक्चालनातील चुकीची किंमत जगाला त्या दिवशी समजली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या गार्मिन कंपनीने १९९० च्या दशकात हातात धरता येतील अशी विमानोपयोगी यंत्रे बाजारात आणली. किमान चार उपग्रहांचे संकेत पकडून हे यंत्र स्थान, जमिनीवरील प्रत्यक्ष वेग आणि मार्ग दाखवी. एक कळ दाबताच जवळच्या धावपट्ट्यांची यादी मिळे. इंजिन बंद पडलेल्या वैमानिकाच्या दृष्टीने या एका कळीचे मोल फार मोठे होते. नागरी संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली आणि सुमारे १०० मीटरपर्यंतची अनिश्चितता दहा-वीस मीटरांवर आली. २००४ मधील ‘जीपीएसमॅप २९६’ या यंत्राने भूप्रदेशाची उंचीही पडद्यावर दाखविली.

गोंदियातील क्रम थोडा वेगळा आहे. येथे प्रशिक्षण सुरू झाले तेव्हा डायमंड कंपनीच्या डीए-४० आणि डीए-४२ विमानांच्या फलकातच ‘गार्मिन जी-१०००’ ही प्रणाली बसविलेली होती. पाश्चात्त्य देशांतील हौशी वैमानिकाने जुन्या विमानात खिशातील यंत्र आणून ठेवले. बिरसीच्या विद्यार्थ्याने उपग्रहाची सोय आरंभापासूनच गृहीत धरली. सुवाह्य यंत्राचे काम त्यामुळे मुख्यतः पूरक, फलकावरील वीज गेल्यास हाती असावे असे राहते. स्वतःच्या संकेतांची विश्वसनीयता तपासण्याची प्रमाणित व्यवस्था अशा यंत्रात सहसा नसते. म्हणूनच ढगांतून केवळ उपकरणांवर केल्या जाणाऱ्या उड्डाणात त्याला मुख्य साधनाचा दर्जा मिळत नाही.

नकाशांचे दोन आधार :

यंत्रावरील अक्षांश-रेखांश स्वयंसिद्ध नसतात. पृथ्वीचा आकार कसा मानला यावर ते अवलंबून असतात. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रवर्तक विल्यम लॅम्बटन यांचे २० जानेवारी १८२३ रोजी विदर्भातच, हिंगणघाट येथे, निधन झाले. त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले. एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या गणितावर आणि मध्य प्रदेशातील कल्याणपूर या आरंभबिंदूवर भारतीय नकाशे दीर्घकाळ आधारलेले होते. जीपीएसचा आधार मात्र डब्ल्यूजीएस-८४ हा आहे. मध्य भारतात या दोहोंतील फरक सुमारे दीडशे ते दोनशे मीटरांपर्यंत जातो. नागपूरहून गोंदियाकडे येताना हा फरक नगण्य वाटतो. पण तीस ते पंचेचाळीस मीटर रुंदीच्या धावपट्टीचा मध्य शोधताना तो निर्णायक ठरतो. विमान वाहतुकीसाठी डब्ल्यूजीएस-८४ हा आधार १ जानेवारी १९९८ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर लागू झाला, तर भारतात त्यावर आधारित खुल्या नकाशांचा मार्ग २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने मोकळा झाला. मधल्या काळात जुन्या नकाशावरून बिंदू वाचून यंत्रात भरणारा माणूस, यंत्र निर्दोष असूनही, चुकीच्या जागी पोहोचू शकत होता.

स्थान कळणे आणि अडथळा कळणे :

खरा प्रश्न याच्याही पुढचा आहे. एप्रिल २०१७ मध्ये बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान महाराष्ट्र–मध्य प्रदेश सीमेवर वैनगंगेच्या पात्रावर ओढलेल्या तारेला धडकून कोसळले आणि विमानातील दोघांचा मृत्यू झाला. यंत्रातील अडथळ्यांच्या नोंदी सामान्यतः जमिनीपासून सुमारे २०० फूट किंवा त्याहून उंच बांधकामांपुरत्या असतात. नदीवरील तार त्यात येत नाही. तिची माहिती काठावरच्या गावकऱ्याला असते, उपग्रहाला नसते. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीचेच आणखी एक प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ वनक्षेत्रात पडले. त्यातही दोघे दगावले. दोन्ही घटना एकाच कारणाच्या मानणे योग्य होणार नाही. परंतु सपाट धानशेती संपून डोंगर सुरू होण्यास विमानाला काही मिनिटेच लागतात, हे या परिसराचे वास्तव त्यांतून दिसून येते.

भारताने अमेरिकी संकेतांची अचूकता वाढविणारी ‘गगन’ ही प्रणाली उभारली. तिला डिसेंबर २०१३ मध्ये पहिले आणि एप्रिल २०१५ मध्ये धावपट्टीकडे उतरत येण्याच्या टप्प्यासाठीचे प्रमाणपत्र मिळाले. दुसरीकडे, संकेत दडपण्याचे व खोटे संकेत पाठविण्याचे प्रकार जगभर वाढल्याने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याबाबत परिपत्रक काढले. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी हवाई दिक्चालन हा विषय आजही अनिवार्य आहे. किमान ३०० सागरी मैलांचे एकट्याने करावयाचे उड्डाणही त्यात येते. त्याची आखणी शिकताना विद्यार्थी कागदावर वाऱ्याचा त्रिकोण काढतो, प्रत्येक टप्प्याची वेळ मांडतो आणि वाटेतील लोहमार्ग, नद्या व तलावांवर पेन्सिलीने खूण करतो.